फोन एक, फाइल्स दोन: कर्नलमध्ये हार्डवेअरच्या फाइल्सना नावं कशी देतात?

धाटावच्या एमआयडीसीत पहिल्यांदाच माल घेऊन आलेल्या टँकर ड्रायव्हरने नाक्यावर विचारलं, "केमिकल कंपनी कुठे आहे?" तर लोक हसतील. रोह्याजवळच्या या वसाहतीत केमिकलच्याच कंपन्या जास्त, त्यातली नेमकी कुठली सांगणार? म्हणून त्याच्या चलनावर प्लॉट नंबर असतो. कंपनी विकली जाते, गेटवरची पाटी बदलते, आजूबाजूच्या गावांतले लोक वर्षानुवर्षं जुन्याच नावाने ओळखतात, पण प्लॉट नंबर तोच राहतो. आणि टँकरमध्ये ॲसिड असेल तर ते चुकून शेजारच्या प्लॉटवर उतरवून चालत नाही.

तुमच्या फोनच्या आत अगदी असाच पत्त्याचा प्रश्न आहे. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स कर्नल चालतो. तोच कर्नल शेकडो वेगवेगळ्या फोनवर, टीव्ही बॉक्सवर, राउटरवर चालतो. मग कुठल्या फोनमध्ये कुठली टच चिप आहे, ती कुठल्या वायरींवर जोडली आहे, डिस्प्ले कोणाचा आहे, हे त्याला कळतं कसं? उत्तर आहे: एका फाइलमधून. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. आणि त्या फाइलचं नाव काय ठेवायचं, यावर कर्नल डेव्हलपर जितका काथ्याकूट करतात तितका बहुतेक घरांत बारशालाही होत नसेल.

काथ्याकूट का करतात, ते कळायला आधी पोको एफ१ बघू.

एकच मॉडेल, दोन डिस्प्ले

पोको एफ१ भारतात ऑगस्ट २०१८ मध्ये आला. वीस-एकवीस हजारांत स्नॅपड्रॅगन ८४५, त्यामुळे कॉलेजच्या पोरांनी तो अक्षरशः उचलला. आजही सेकंड हँड बाजारात तो मिळतो आणि कस्टम रॉम टाकणाऱ्यांचा लाडका आहे. त्याचं कोडनेम बेरिलियम.

बॉक्सवर सगळीकडे एकच नाव होतं, पण आत कंपनीने दोन वेगवेगळ्या उत्पादकांचे डिस्प्ले पॅनल वापरले. काहींमध्ये टियान्मा, काहींमध्ये ईबीबीजी. बाहेरून बघून फरक कळत नाही. कंपनीच्या अँड्रॉइडला दोन्ही माहीत असतात, त्यामुळे वापरणाऱ्याला कधी पत्ताच लागत नाही. पण मूळ लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे ज्याला मेनलाइन म्हणतात तिथे, या फोनसाठी एक फाइल होती ती पुढे फोडावी लागली. आज तिथे अशा फाइल्स आहेत:

एसडीएम८४५-शाओमी-बेरिलियम-टियान्मा.डीटीएस
एसडीएम८४५-शाओमी-बेरिलियम-ईबीबीजी.डीटीएस
एसडीएम८४५-शाओमी-बेरिलियम-कॉमन.डीटीएसआय

(मी इथे नावं देवनागरीत लिहितोय. प्रत्यक्षात ती रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत असतात.)

जुन्या पोको एफ१ वर पोस्टमार्केटओएससारखं मोबाइल लिनक्स टाकायचं असेल तर इन्स्टॉल करतानाच सांगावं लागतं की तुमचा पॅनल टियान्माचा की ईबीबीजीचा. चुकीचं नाव निवडलंत तर फोन आतून सुरू होईल, कदाचित वायफायही लागेल, पण स्क्रीन नीट उजळणार नाही. फोन बिघडलेला नसतो. त्याला फक्त शेजारच्या प्लॉटचा पत्ता दिलेला असतो.

आता यात रिपेअरचं दुकान आणा. डिस्प्ले फुटला, दुकानदाराने मिळेल तो कॉम्बो बसवला. आधीचा पॅनल एका मेकचा, नवीन दुसऱ्या मेकचा. तुमच्यासाठी फोन तोच, पण कर्नलच्या हिशेबात तो आता वेगळ्या नावाचा फोन असू शकतो. सेकंड हँड फोन घेऊन रॉमचे प्रयोग करणाऱ्यांनी ही एक गोष्ट आधी विचारून घेतलेली बरी: डिस्प्ले कधी बदललाय का?

ही फाइल लागतेच कशाला?

कॉम्प्युटरला लागत नाही, मग फोनला का? पीसीमध्ये तुम्ही ग्राफिक कार्ड लावलं किंवा पेनड्राइव्ह खोचला तर तो स्वतःच सांगतो, "मी अमुक कंपनीचा, माझा नंबर तमुक." फोनमधल्या बऱ्याच चिप मुक्या असतात. टच कंट्रोलर दोन बारीक वायरींवर बसलेला असतो आणि तो तिथे आहे हे कोणीतरी आधीच सांगितलं नाही तर कर्नल त्याच्याकडे बघतही नाही.

पूर्वी ही माहिती कर्नलच्या सी कोडमध्येच लिहायचे. प्रत्येक बोर्डासाठी एक वेगळी कोड फाइल. नवीन फोन आला की कर्नलमध्ये नवा कोड. एआरएम चिपच्या जगात हा ढीग इतका वाढला की मार्च २०११ मध्ये खुद्द लिनस टोरवाल्ड्स जाहीरपणे भडकला. त्याची भाषा इथे छापण्यासारखी नाही. पण परिणाम झाला. हार्डवेअरचं वर्णन कोडमधून बाहेर काढून डेटा फाइलमध्ये ठेवायची जुनी पद्धत पॉवरपीसीच्या जगात आधीपासून वापरात होती, तीच एआरएमने उचलली. डिसेंबर २०१२ मधल्या लिनक्स ३.७ पासून एकच कर्नल बऱ्याच वेगवेगळ्या एआरएम चिपवर चालायला लागला. फक्त सोबतची वर्णन फाइल बदलायची.

शेपटांचे अर्थ पटकन सांगतो. डीटीएस म्हणजे माणसाने लिहिलेली मूळ फाइल, एका बोर्डासाठी किंवा फोनसाठी एक. डीटीएसआय म्हणजे अनेकांना लागणारा सामायिक भाग, तो इतर फाइल्स आपल्यात ओढून घेतात. डीटीबी म्हणजे या सगळ्याचं तयार झालेलं बायनरी रूप. आणि कस्टम रॉमसोबत तुम्ही जी डीटीबीओ नावाची इमेज फ्लॅश करता ती म्हणजे वरून चढवायचा थर: मूळ वर्णनात एवढेएवढे बदल कर, असं सांगणारी. दुसऱ्या फोनची डीटीबीओ फ्लॅश केल्यावर फोन लोगोवर अडकतो तो यामुळेच.

आधी चिप, मग कंपनी, मग फोन

आपण पत्ता लिहिताना लहानाकडून मोठ्याकडे जातो: प्लॉट नंबर, धाटाव, तालुका रोहा, जिल्हा रायगड. कर्नलमध्ये उलटं असतं. आधी जिल्हा, मग तालुका. "एसडीएम८४५" ही चिप, "शाओमी" ही कंपनी, "बेरिलियम" हा फोन आणि शेवटी "टियान्मा" हा प्रकार. याचा सरळ फायदा म्हणजे फोल्डरमध्ये फाइल्स नावाने लावल्या की एकाच चिपचे सगळे फोन शेजारी शेजारी येतात. वनप्लस ६ (कोडनेम एन्चिलाडा) आणि ६टी (फाहिता) यांच्या फाइल्स पोको एफ१ च्या आसपासच दिसतात, कारण तिघांची चिप एकच.

आतली रचनाही तशीच. चिपच्या डीटीएसआय फाइलमध्ये फक्त चिपच्या आत जे आहे तेच लिहायचं. फोनच्या बोर्डावर जे सोल्डर केलंय ते फोनच्या डीटीएसमध्ये. मध्ये एखादा सामायिक थर असेल तर त्याची वेगळी फाइल. याचं स्वच्छ उदाहरण बेंगळुरूच्या आयवेव्ह कंपनीच्या बोर्डांचं आहे. रेनेसास कंपनीची चिप "आर८ए७७४३", तिची एक फाइल. ती चिप बसवलेलं छोटं मॉड्यूल "आयडब्ल्यूजी२०एम", त्याची दुसरी. ते मॉड्यूल ज्या मोठ्या बोर्डावर खोचतात तो "आयडब्ल्यूजी२०डी", त्याची तिसरी. भारतीय कंपनीचं नाव कर्नलच्या अधिकृत उत्पादक-यादीत असं बसलेलं बघून बरं वाटतं.

फोनचं नाव म्हणून बाजारातलं नाव का नाही घेत? कारण ते टिकत नाही. हाच पोको एफ१ भारताबाहेर पोकोफोन एफ१ नावाने विकला गेला. रेडमी नोट ४ ची फाइल शोधाल तर "मिडो" नावाने सापडेल, नोट ७ ची "लॅव्हेंडर" नावाने. कोडनेम म्हणजे कंपनीच्या आतलं नाव, पाटी बदलली तरी ते बदलत नाही.

रेडमी २ चा किस्सा तर आणखी मजेशीर आहे. २०१५ मध्ये भारतात आलेला हा फोन. त्याच्या फाइलच्या नावात शाओमी नाहीच! ती आहे "एमएसएम८९१६-विंगटेक-डब्ल्यूटी८८०४७". विंगटेक म्हणजे तो बोर्ड बनवणारी कंपनी. गेटवर पाटी कोणाचीही असो, प्लॉट ज्याचा त्याचं नाव.

बदललेल्या पाट्या, न बदललेले नंबर

फाइलच्या आत आणखी एक नाव असतं, ते फाइलच्या नावापेक्षाही महत्त्वाचं. त्याला कम्पॅटिबल म्हणतात. पोको एफ१ च्या फाइलमध्ये ते "शाओमी" स्वल्पविराम "बेरिलियम" असं आहे आणि त्यामागे "क्यूकॉम" स्वल्पविराम "एसडीएम८४५". कर्नल फाइलचं नाव वाचत नाही, तो हे वाचतो आणि कुठला ड्रायव्हर लावायचा ते ठरवतो. आधी नेमकं नाव, ते ओळखीचं नसेल तर त्यामागचं.

यातलं "क्यूकॉम" कुठून आलं? क्वालकॉमचं अमेरिकी शेअर बाजारातलं चिन्ह तेच आहे. डिव्हाइस ट्रीच्या नियमावलीत उत्पादकाच्या नावासाठी शेअर बाजारातलं चिन्ह वापरण्याचं उदाहरणच दिलेलं आहे. तसंच फ्रीस्केल कंपनीचं झालं "एफएसएल". २०१५ मध्ये एनएक्सपीने फ्रीस्केल विकत घेतली. पाटी बदलली. पण कर्नलमध्ये एनएक्सपीच्या त्यानंतर आलेल्या आयएमएक्स चिपसुद्धा आजही "एफएसएल" नावानेच लिहिल्या जातात, आणि फोल्डरचं नावही फ्रीस्केलच आहे. एकदा बाहेर पडलेलं कम्पॅटिबल बदलायचं नाही, कारण जगात कुठेतरी जुनी डीटीबी घेऊन बसलेलं यंत्र असतं, आणि नवा कर्नल टाकल्यावर ते बंद पडता कामा नये.

आणखी एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो: नावात "एक्स" घालून मोघमपणा करायचा नाही. ८३१०, ८३२०, ८३३० अशा चिप असल्या की "८३एक्सएक्स" लिहायचा मोह होतो. पण उद्या कंपनी ८३९० काढते, ती आतून निराळीच असते आणि नाव मात्र तिलाही लागू पडतं. मग ड्रायव्हर चुकीचा चिकटतो. म्हणून पहिल्या चिपचं पूर्ण नाव लिहायचं, आणि नंतरची चिप खरोखर तशीच चालत असेल तर तिने आपलं नाव पुढे लावून मागे पहिलीचं जोडायचं.

बारीक नियमही आहेत. फाइलच्या आत प्रत्येक भागाला जे नाव देतात ते त्याच्या कामावरून, ब्रँडवरून नाही. म्हणजे "टचस्क्रीन", आणि पुढे @ लावून त्याचा वायरीवरचा पत्ता, उदाहरणार्थ ३८. लहान अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ, बस. अंडरस्कोर नको. मी ए३ चं अँड्रॉइडमधलं कोडनेम "लॉरेल_स्प्राउट" असं अंडरस्कोरवालं आहे, मेनलाइनमध्ये येताना ते "लॉरेल-स्प्राउट" झालं. हे चोचले वाटतील, पण हजारो फाइल्समध्ये शोधाशोध करायची तर एकच सवय लागते.

फाइलचं नाव बदललं तर?

कर्नल फाइलचं नाव वाचत नसेल तर ते बदलायला काय हरकत? हरकत आहे, कारण कर्नलच्या आधी जो प्रोग्राम चालतो, म्हणजे बूटलोडर, तो बऱ्याचदा नावानेच फाइल शोधतो.

इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टला रास्पबेरी पाय वापरला असेल तर मेमरी कार्डवर "बीसीएम२७०८-आरपीआय-बी-प्लस.डीटीबी" अशी फाइल पाहिली असेल. मेनलाइनमध्ये त्याच बोर्डाची फाइल "बीसीएम२८३५" ने सुरू होते. एक नंबर चिपच्या कुटुंबाचा, दुसरा प्रत्यक्ष चिपचा. रास्पबेरीवाल्यांनी आपल्या कर्नलमध्ये कुटुंबाचा धरला, मेनलाइनने चिपचा. दोन्ही नावं आजही जिवंत आहेत आणि नवखे लोक आजही यात गोंधळतात.

मेनलाइनमध्येही ३२ बिट एआरएमच्या सगळ्या फाइल्स वर्षानुवर्षं एकाच फोल्डरमध्ये कोंबलेल्या होत्या. बोर्डांची संख्या दीड हजाराच्या वर गेल्यावर, २०२३ मध्ये लिनक्स ६.५ च्या वेळी, त्या कंपनीवार फोल्डरमध्ये हलवल्या. ६४ बिटवाल्यांनी हे बरंच आधी केलं होतं. आता क्वालकॉमही आपल्या काही फाइल्सची नावं बदलतंय. गाड्यांसाठीची "एसए८७७५पी" ही चिप आणि तिच्यासारख्याच दुसऱ्या नंबरांनी विकल्या जाणाऱ्या चिप आतून एकच सिलिकॉन आहेत, म्हणून मुख्य फाइल "लेमान्स" या कोडनेमवर गेली. माझ्या मते हे बरोबरच आहे, पण नंबराने शोधणाऱ्याला आता आधी कोडनेमचा शोध घ्यावा लागणार.

बहुतेक क्वालकॉम अँड्रॉइड फोनमध्ये मात्र वेगळी तऱ्हा असते. कंपनीच्या इमेजमध्ये अनेक डीटीबी एकत्र भरलेल्या असतात आणि बूटलोडर नावाऐवजी आतले चिप आणि बोर्डाचे क्रमांक जुळवून त्यातली एक उचलतो.

आकाश टॅब्लेट, आणि सगळ्यांची एकच नावाची फाइल

नावाचे नियम नसले तर काय होतं, याचं उदाहरण शोधायला फार लांब जायला नको. आकाश टॅब्लेट आठवतोय? तुम्ही लहान असाल तेव्हा, पण घरातल्या मोठ्या ताई-दादाला नक्की आठवेल. विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त सरकारी टॅब्लेट. त्याची दुसरी आवृत्ती ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते आली. या प्रकल्पाची धुरा होती पवईच्या आयआयटी मुंबईकडे, एक लाख टॅब्लेटची मागणी, सरकारला एक पडत होता २,२६३ रुपयांना. आत ऑलविनर कंपनीची ए१३ चिप.

आयआयटी मुंबईच्या टीमने अँड्रॉइड बाजूला ठेवून त्यावर मेमरी कार्डवरून पूर्ण लिनक्सही चालवून दाखवलं. पण ऑलविनरच्या त्या काळातल्या कर्नलमध्ये डिव्हाइस ट्री नव्हता. त्यांनी स्वतःची पद्धत काढली होती. एक साधी मजकुराची फेक्स फाइल, तिच्यात टच कुठल्या पिनवर, स्क्रीन किती पिक्सेलची, हे सगळं लिहायचं आणि तिचं बायनरी रूप बनवायचं. ते बायनरी रूप बूट होताना वाचलं जायचं.

कल्पना चांगलीच होती. घोळ नावात होता. ऑलविनरवाल्या प्रत्येक टॅब्लेटवर, प्रत्येक टीव्ही बॉक्सवर त्या फाइलचं नाव एकच: "स्क्रिप्ट.बिन". आकाशची असो की चीनमधल्या कुठल्या बिननावाच्या टॅब्लेटची, नाव तेच. मित्राच्या कार्डवरून ती फाइल कॉपी करून घेतलीत तर ती तुमच्या टॅब्लेटची आहे की नाही, हे नावावरून कळायचा मार्गच नाही. म्हणजे पूर्ण एमआयडीसीत प्रत्येक गेटवर फक्त "कंपनी" अशी पाटी. शेवटी ऑलविनरवर लिनक्स चालवणाऱ्या हौशी लोकांनी प्रत्येक बोर्डाच्या नावाने फेक्स फाइल्सचा वेगळा संग्रह केला, तेव्हा कुठे शोधणं शक्य झालं.

पुढे ही चिप मेनलाइनमध्ये आली तेव्हा नावं नीट मिळाली. "सन५आय-ए१३-क्यू८-टॅब्लेट.डीटीएस" ही त्यातलीच एक. "सन५आय" चिपचं कुटुंब, "ए१३" चिप, आणि "क्यू८" म्हणजे तेव्हा बाजारात ढिगाने मिळणाऱ्या सात इंची स्वस्त टॅब्लेटचा एक साचा. गंमत म्हणजे इथे नाव बरोबर असूनही काम अर्धंच होतं. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या टॅब्लेटमध्ये टच चिप आणि वायफाय जे स्वस्तात मिळेल ते बसवलेलं असायचं. ज्या वस्तूचा स्वतःचाच ठावठिकाणा नाही, तिला कितीही काळजीने नाव दिलं तरी ते मोघमच राहणार.

तुमच्या फोनची फाइल आहे का?

बघायला सोपं आहे. सीपीयू-झेड ॲप टाका, त्यात डिव्हाइसच्या पानावर मॉडेलपुढे कंसात बहुतेक वेळा कोडनेम दिसतं. चिपचं बाजारातलं नाव मिळेल, त्याचा एसडीएम किंवा एसएम ने सुरू होणारा नंबर नेटवर शोधा. मग कर्नलच्या सोर्समध्ये आर्च, आर्म६४, बूट, डीटीएस असे फोल्डर एकामागून एक उघडा आणि तुमच्या चिप कंपनीच्या फोल्डरमध्ये जा. स्नॅपड्रॅगनवाल्यांनी "क्यूकॉम" मध्ये जायचं. नाव आधी चिपने सुरू होतं हे आता माहीत आहे, तेव्हा सरळ तिथेच स्क्रोल करा.

सापडली तर उघडून बघा, वाचायला वाटते तितकी अवघड नसते. व्हॉल्यूमची बटणं, बॅटरी, डिस्प्ले, सगळं नावाने दिसेल. नसेल तर तुमचा फोन वाईट आहे असं नाही. बहुतेक फोनची तिथे फाइल नसतेच, कारण ती कोणीतरी वेळ काढून लिहावी लागते आणि बऱ्याचदा ती कंपनीने नाही तर फोनवर जीव असलेल्या वापरणाऱ्यानेच लिहिलेली असते. मीडियाटेकच्या फोल्डरमध्ये तर फोनपेक्षा क्रोमबुकच जास्त दिसतील. आणि एकाच फोनच्या दोन फाइल्स दिसल्या, तर शेवटच्या आडव्या रेघेनंतर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय काहीही फ्लॅश करू नका.